भाकरी पूर्ण बंद करावी का? मधुमेह आणि कमी कार्बचा आहार

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. वय ४६, वजन ८४ किलो, चार वर्षांपासून मधुमेह, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.१. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी भाकरी, पोळी, भात, साखर सगळं बंद केलं, अंडी-पनीर-तुपावर राहिले आणि तीन महिन्यांत त्यांचं नऊ किलो वजन उतरलं. यांनाही येत्या सोमवारपासून तसंच करायचं आहे. आई माळकरी, त्यामुळे घरात अंडं शिजत नाही. ते म्हणतात, बाहेर खाईन. या आहाराने खरंच फायदा होतो का, आणि पुढे जाऊन तो अंगाशी येतो का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सर, फायदा होतो, आणि तुमच्या वयाला, तुमच्या वजनाला तो चांगलाच होईल. तरीही सोमवारी सुरू करू नका. आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात काय आणि किती याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तीन भाकऱ्यांच्या हिशेबाने ठरलेला डोस पोटात आणि ताटात भाकरीच नाही, असं झालं की शुगर ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, समोरचं धूसर दिसतं. वर्गात उभे असताना झालं तर मुलं धावतील. मोटारसायकलवर गावाकडे येताना झालं तर कोण आहे? ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन यांचंही तेच. आहार बदलायच्या दिवशीच या औषधांचा डोस कमी करावा लागतो, बऱ्याच वेळा निम्म्यावर आणावा लागतो, काहींना ते थांबवावं लागतं. किती, हे तुमचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. त्रास झालाच तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ही भीती जवळजवळ नसते.

मोबाइलवरच्या आहाराच्या व्हिडिओंमध्ये हे सांगितलं जात नाही, म्हणून मी ते सर्वांत आधी सांगते आहे.

आता ताटाकडे येऊ. आपल्या भागात ठाम समज आहे की गव्हापेक्षा ज्वारी बरी, म्हणून मधुमेह झाला की पोळी सोडायची आणि भाकरी पोटभर खायची. पोळीच्या जागी भाकरी आली म्हणून चार भाकऱ्या बिनधास्त खाणारे किती तरी लोक माझ्याकडे येतात. शाळू ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात जवळपास ६८ ग्रॅम कर्बोदके (म्हणजेच कार्ब), १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. गव्हाच्या आट्यात कर्बोदके ६४ ग्रॅम, प्रथिने साडेदहा. म्हणजे कर्बोदकांच्या बाबतीत दोन्ही सख्ख्या बहिणी. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारी नक्कीच सरस, कारण तांदळात तंतू तीन ग्रॅमसुद्धा नसतात. पण आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची असते. एका भाकरीत ५० ग्रॅम कर्बोदके धरा.

मग दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी बशीभर सुशीला (फोडणीचे चुरमुरे) किंवा पोहे, म्हणजे ४० ग्रॅम. दुपारी तीन भाकऱ्या, १५० ग्रॅम. रात्री दोन भाकऱ्या आणि थोडा वरणभात, १४० ग्रॅम. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, आणखी ४०. वरण, दूध, भाजीतलं धरलं की दिवसाला ४०० ग्रॅमच्या आसपास जातो. वैद्यकात 'कमी कार्ब' म्हणतात ते १३० ग्रॅमच्या खाली, आणि कीटो म्हणजे २० ते ५० ग्रॅम. आपण एका दुपारच्या जेवणात १३० ओलांडतो. हे फक्त मराठवाड्याचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत भारतीय माणसाची सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं दिसलं. त्याच पाहणीने २०२३ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला.

आपलं शरीरही याला हातभार लावतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना २००४ साली प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. दिसायला सडपातळ, हातपाय काटक, पण पोटात आणि यकृतात चरबी साठलेली, अशी आपली ठेवण आहे. स्नायू कमी असल्यामुळे भाकरीतून आलेलं ग्लुकोज साठवायला जागा कमी. ती भरली की जास्तीच्या ग्लुकोजची चरबी यकृतात तयार होते, तिथून ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते, आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. सकाळी उपाशीपोटी शुगर १६०-१७० येते आणि पेशंट म्हणतो, "मॅडम, रात्री तर काहीच खाल्लं नव्हतं." ती साखर रात्रभर यकृताने रक्तात सोडलेली असते.

कार्ब कमी केल्याचा खरा लाभ इथे दिसतो. जेवणानंतरची शुगर पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरते. काही आठवड्यांत यकृतातली चरबी कमी होऊ लागते, ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर, असं त्रिकूट ज्यांच्याकडे आहे त्यांना हा आहार सर्वांत जास्त मानवतो, आणि हे त्रिकूट आपल्याकडे घरोघर आहे. शिवाय प्रथिने वाढल्यामुळे भूक आटोक्यात राहते. संध्याकाळी पाच वाजता बिस्किटाच्या पुड्याकडे हात जाणं बंद होतं.

तुमच्या सहकाऱ्यांच्या नऊ किलोंविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी. कार्ब तोडले की पहिल्या आठवड्यात हा साठा आणि त्याचं पाणी निघून जातं. काटा दीड-दोन किलो खाली येतो, माणूस हरखतो. ती चरबी नव्हे. एका लग्नाच्या पंगतीत बसलात की ते वजन दोन दिवसांत परत येतं आणि लोक निराश होऊन सगळंच सोडून देतात. दोन्ही वेळा मन वर-खाली करून घेऊ नका. पट्टीने पोटाचा घेर मोजा.

पुढच्या काळात काय होतं, यावर चांगले अभ्यास झालेले आहेत. २०२१ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मधुमेही आणि कमी कार्ब यांवरच्या २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली आलेले लोक कमी कार्बवाल्यांत ५७ टक्के होते, दुसरा आहार घेणाऱ्यांत ३१ टक्के. गोळ्या चालू असलेलेही त्यात धरले होते. वर्षभराने मात्र हा फरक बराच आटला. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लठ्ठ पण मधुमेह नसलेल्या लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. कमी चरबी खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कार्ब खाणाऱ्यांचं ६ किलो. म्हणजे जवळपास सारखंच. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

मधुमेह परतवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग ब्रिटनमधला 'डायरेक्ट'. त्यात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेले, इन्सुलिन न घेणारे लोक होते. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८५० कॅलरीच्या आतबाहेरचं तयार पेय दिलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर होते; ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. आणि त्या पेयातली जवळपास ६० टक्के ऊर्जा कर्बोदकांतूनच येत होती! यावरून मी एवढं घेते की यकृत-स्वादुपिंडातली चरबी उतरणं हे मुख्य काम आहे. कार्ब कमी करणं हा तिथे पोहोचायचा एक रस्ता, आणि भाकरी-भातावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना जवळचा रस्ता. तुमच्या मधुमेहाला चारच वर्षं झाली आहेत, तेव्हा हे तुमच्यासाठी खरंच शक्य आहे. वीस वर्षं मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिनवर असलेल्या माणसाला मी हीच आशा दाखवणार नाही. त्याची शुगर सुधारेल, औषधं कमी होतील, पण बहुधा सुटणार नाहीत.

अनेक जण हा आहार आणि 'दीक्षित डाएट' एकच समजतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून महाराष्ट्रभर पोहोचवलेल्या पद्धतीत दोनच वेळा जेवायचं आणि जेवण ५५ मिनिटांत संपवायचं असतं. तिथे भर खाण्याच्या वेळांवर आहे, इथे ताटातल्या पदार्थांवर. दोन्ही एकदम सुरू करायला निघालेले लोक मला भेटतात, त्यांना मी थांबवते. ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर उपाशी आणि ताटातही भाकरी नाही, हा धोका दुप्पट आहे.

आता तोटे. यातले काही चार दिवसांत जातात, काही जिवावर येतात, म्हणून सगळे एका मापाने मोजू नका.

पहिले आठ-दहा दिवस डोकं जड होणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पोटऱ्यांत गोळे येणं, तोंडाला विचित्र वास येणं, हे कडक कीटोत बहुतेकांना होतं. इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त टाकतात, त्यामुळे हा थकवा. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, तर उठताना भोवळ येते. ती गोळीही डॉक्टरांना दाखवावी लागते. आपल्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना हे सुरू करणं मला मुळीच पसंत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आपलं लातूर. पाणी पुरवून प्यायची सवय इथल्या माणसांच्या अंगात मुरलेली आहे. शेतात, शाळेत, एसटीत लोक पाणी टाळतात. कमी पाणी, भरपूर घाम आणि कीटो हे एकत्र आलं की मुतखड्याला आमंत्रण. सुरुवात पावसाळा संपल्यावर केली तर सर्वांत बरं, तेव्हा पालेभाज्याही मुबलक असतात.

बद्धकोष्ठ होतोच, कारण भाकरीबरोबर तिचे तंतूही ताटातून जातात आणि त्यांच्या जागी पनीर येतं, ज्यात तंतू शून्य. जवसाची आणि कारळाची चटणी, अंबाडी, करडई, चुका, घोळ, मेथी यांनी ती जागा भरता येते.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हा गंभीर मुद्दा आहे. चमच्या-चमच्याने तूप, चहात लोणी, खोबरेल तेल असा प्रकार चालला की काही लोकांचं एलडीएल तीन महिन्यांत झपाट्याने वाढतं. सगळ्यांचं नाही, पण कोणाचं वाढेल हे आधी सांगता येत नाही. ट्रायग्लिसराइड उतरले म्हणून एलडीएलकडे दुर्लक्ष करा, असं सांगणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. आपल्याकडे पन्नाशीच्या आत हृदयविकाराचे झटके येतात, आणि मधुमेह असेल तर धोका आधीच जास्त. अमेरिकेत १५,४२८ लोकांच्या आहाराचा जवळपास २५ वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के ऊर्जा घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं; ४० च्या खाली आणि ७० च्या वर, दोन्हीकडे ते वाढत गेलं. कार्बच्या जागी मांस आणि प्राणिज चरबी घेणाऱ्यांत ते वाढलेलं दिसलं, डाळी, शेंगदाणे, तेलबिया अशा वनस्पतींकडे वळणाऱ्यांत कमी. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, दिशा दाखवतो. मला ती दिशा पटते, कारण क्लिनिकमध्येही तेच दिसतं: भाकरी कमी केली यापेक्षा तिच्या जागी काय आलं, यावर रिपोर्ट ठरतात.

जिवावर येणारा धोका आणखी एका औषधाचा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं पेटंट संपल्यावर स्वस्त झाली आणि आता तालुक्याच्या गावीही सर्रास मिळतात. औषधं चांगली आहेत, हृदय आणि मूत्रपिंड जपतात. पण ती चालू असताना कीटो केलं किंवा कडक उपास केला, तर रक्तात आम्ल साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि त्या वेळी शुगर १८०-२०० च दिसते. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं. घरचे म्हणतात पित्त झालंय, ऊन लागलंय. मशीनवर शुगर ठीक आहे म्हणून रात्र काढतात. नवरात्रात तुळजाभवानीचे नऊ दिवसांचे उपास करणारे, रमजानमध्ये रोजे धरणारे, शस्त्रक्रियेसाठी उपाशी राहणारे, सगळ्यांनी ही दोन नावं आपल्या चिठ्ठीवर आहेत का ते बघावं. तुमच्या चिठ्ठीवर ती नाहीत, पण तुमच्या सहकाऱ्यांच्या चिठ्ठीवर असतील तर त्यांना आजच सांगा.

उपासाचा विषय निघालाच आहे तर, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन शुगर २८० येते आणि माणूस म्हणतो, आज तर मी जेवलोच नाही. दाणे, ताक, दही, भोपळ्याची भाजी यांवर उपास करा. भगर घेतलीत तर वाटीभरच.

काही लोकांनी कडक कमी कार्बच्या वाटेला जाऊच नये. टाइप १ मधुमेहाची मुलं आणि मोठी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मूत्रपिंडाचा आजार असलेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले. आणि आपल्या भागापुरतं मी आणखी एक नाव घालते: अंगमेहनतीची माणसं. बीडकडून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी, रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या बाया. त्यांना मधुमेह होतच नाही असं नाही, होतो, आणि बऱ्याचदा अंगात मांस नसलेल्या, वजन ४५ किलोच्या आतल्या बाईला होतो. दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईची भाकरी काढून घेतली तर ती शेतातच कोसळेल. तिच्या डब्यात भाकरी राहू द्या. घट्ट वरण, मूठभर दाणे, जमलं तर एक अंडं वाढवा, आणि औषध नीट द्या. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला सल्ला तिच्यावर लादणं चूक आहे, आणि मोबाइलवरचा सल्ला नेमका तसाच लादला जातो.

तुमची अडचण दुसरी आहे: शाकाहारी घर. शाकाहारात कीटो जवळपास पनीर आणि तुपावरच उभं राहतं, कारण आपली डाळही कार्बची आहे. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत प्रथिने २२ ग्रॅम आणि कर्बोदके ५५. चार महिने रोज पनीर हे खर्चाने परवडत नाही, तोंडाला पटत नाही आणि एलडीएललाही बरं नाही. म्हणून तुम्हाला मी कीटो सांगणार नाही. आजच्या ४०० ग्रॅम कर्बोदकांवरून १८० ते २०० वर या. कागदावरच्या व्याख्येत हा 'कमी कार्ब' बसतसुद्धा नाही. पण सर्वांत मोठा लाभ या पहिल्या निम्म्या उतरंडीतच मिळतो. २०० वरून ५० वर जाताना आकडे आणखी थोडे सुधारतात, आणि त्रास, धोका, सोडून देण्याची शक्यता भरपूर वाढते.

घरी असं करून बघा. चहातली साखर पहिली जाऊ द्या; तेवढ्यानेच ४० ग्रॅम गेले. गूळ, काकवी, मध यांनाही तोच नियम, गुळातही १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम साखर आहे. सकाळचे पोहे-सुशीला आठवड्यातून एकदा ठेवा, बाकी दिवस मोड आलेली मटकी किंवा मूग, मुगाचं धिरडं, दही. दुपारी एकच भाकरी. तिच्यासोबत दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, नेहमीच्या दुप्पट पालेभाजी, काकडी-मुळा-कांदा, शेंगदाण्याची चटणी, ताक. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) लावलेली आमटी चालेल, पण वाटी भरून डाळ पोटात जायला हवी, नुसतं पाणी भुरकून उपयोग नाही. संध्याकाळी मूठभर भाजलेले दाणे किंवा फुटाणे. दाणे मूठभरच, कारण १०० ग्रॅम दाण्यांत जवळपास ४० ग्रॅम तेल असतं आणि वजनही उतरवायचंय. रात्री अर्धी भाकरी, भात नाही, पिठलं किंवा सोयावडीचा रस्सा.

सोयाबीनविषयी मला मनापासून वाईट वाटतं. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनच्या राशी लागतात, शिवारच्या शिवार सोयाबीनने हिरवं असतं, आणि ते पिकवणाऱ्या घरात ते शिजत नाही. ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीत १५ ग्रॅम प्रथिने मिळतात, कर्बोदके १० ग्रॅमच्या आसपास, आणि पनीरच्या मानाने खर्च नगण्य. माळकरी घरात अंड्याची उणीव भरून काढायला याहून स्वस्त काही नाही. गरम पाण्यात भिजवून पिळा, मग येसर-कांद्यात शिजवा, वास राहत नाही. घरचं सोयाबीन वापरायचं तर ते नीट शिजवून किंवा भाजूनच, कच्चं पीठ भाकरीत मिसळू नका. कच्च्या सोयात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो.

तेल करडईचं किंवा शेंगदाण्याचं, माणशी दिवसाला चार छोटे चमचे. तूप भाकरीवर एक चमचा राहू दे, तेवढ्याने काही बिघडत नाही. हुरड्याच्या दिवसांत हुरडा खा, त्या जेवणातली भाकरी वगळून. बालाघाटातली सीताफळं आली की अर्धं खा, जेवणानंतर लगेच नको. वेळा अमावस्येला शेतात सगळ्यांसोबत जेवा, भज्जी जास्त, उंडे-अंबील जरा कमी. वर्षातल्या चार सणांनी मधुमेह बिघडत नाही, रोजच्या दुपारने बिघडतो. 'डायबेटिक' लिहिलेली बिस्किटं आणि 'कीटो आटा' यांवर पैसे घालवू नका.

आईंना सांगा, वेगळा स्वयंपाक लागणार नाही. तव्यावर भाकरी पडेल, तुमच्या ताटात ती कमी पडेल एवढंच. त्या माउलींचा जीव मुलाने पोटभर जेवावं यात असतो आणि भाकरी नको म्हटलं की त्यांना ते रुसल्यासारखं वाटतं. तेव्हा वरण आणि उसळ मागून घ्या.

ग्लुकोमीटर घ्या आणि स्वतःवर मोजा. एक दिवस दोन भाकऱ्यांच्या जेवणाआधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी एक भाकरी व दोन वाट्या उसळ खाऊन. कुठलाही तज्ज्ञ जे पटवू शकत नाही ते हे दोन आकडे पटवतात. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे सध्याचं लक्ष्य. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाला. आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करा, नाहीतर वजनासोबत स्नायूही जातील आणि आपल्याकडे ते मुळातच कमी आहेत.

सुरू करण्याआधी एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, यकृताची तपासणी आणि बी-१२ करून घ्या. शाकाहार आणि मेटफॉर्मिन एकत्र असलं की बी-१२ हमखास कमी निघतं. पहिले दोन आठवडे रोज उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर, शिवाय चक्कर-घाम वाटेल तेव्हा लगेच शुगर बघा. तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि लिपिड पुन्हा. एलडीएल वाढलेलं दिसलं तर आधी तूप-पनीर कमी करून डाळ आणि सोया वाढवा, आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. शुगर ७० च्या जवळ एकदा जरी आली तरी पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करून घ्या.